आधी पैसा, मागून इमारत

१८६४ साली मुंबईतली सर्वांत महागडी जमीन समुद्राच्या पाण्याखाली होती. बॅक बेचा किनारा भरून काढायचा, भरावाची एक पट्टी बीबीसीआय रेल्वेसाठी सोडायची आणि उरलेली जमीन कंपनीने आपल्या भावाने विकायची, असा सरकारशी करार करून बॅक बे रेक्लमेशन कंपनी उभी राहिली होती. शेअरची दर्शनी किंमत ५,००० रुपये. बाजारात तो ५०,००० च्या घरात गेला. ज्यांनी तो घेतला त्यांच्या हातात एक छापील कागद होता, आणि त्या कागदामागे भरती-ओहोटीचे पाणी.

एवढा पैसा आला कुठून? अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसावर तुटून पडल्या. नेहमीच्या व्यापारापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड मुंबईत जादा आले, असा त्या काळचा हिशेब आहे. या पैशाला जागा हवी होती आणि मुंबई बेटावर जागेचीच वानवा. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या होत्या; दहा वर्षांपूर्वी सगळ्या प्रकारच्या कंपन्या धरूनही हा आकडा बोटांवर मोजता येत होता. या खेळाचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या तेजीतून मुंबईला लाभलेली सर्वांत टिकाऊ इमारत दानाची आहे, धंद्याची नव्हे.

शेअरपेक्षा घातक होते ते वायद्याचे करार. ‘टाइम बार्गेन’ म्हणत त्यांना. अमुक तारखेला अमुक भावाने इतके शेअर देईन, इतके घेईन, एवढेच त्यात लिहिलेले असायचे. देणाऱ्याजवळ शेअर नसला तरी चाले, घेणाऱ्याजवळ पैसे नसले तरी चाले. पुष्कळशा सौद्यांची तारीख एकच होती, १ जुलै १८६५. एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेचा जनरल ली शरण आला. ही बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचा भाव कोसळला आणि त्याच्यामागून सगळे कोसळले. बॅक बेचा शेअर वर्ष संपेपर्यंत २,००० च्याही खाली आला. त्या काळात मुंबईत असलेले दिनशा वाच्छा यांनी या शेअर-वेडाचा वृत्तान्त पुढे १९१० साली पुस्तकरूपाने लिहिला. सट्ट्याच्या करारांना कोर्टात दाद मिळू नये म्हणून मुंबई सरकारने १८६५ मध्येच कायदा केला, आणि बुडालेल्यांच्या मालमत्तेची वासलात लावण्यासाठी त्याच वर्षी केंद्र सरकारचा २८ वा कायदा आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

आधी पैसा बुडायचा आणि मग कायदा यायचा, हा क्रम मुंबईने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शेवटचा नव्हे.

त्याच धांदलीत एक कंपनी मात्र वेगळी निघाली. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीने जीआयपी रेल्वेच्या स्टेशनसाठी १०० एकर जमीन भरून द्यायची आणि त्या बदल्यात स्वतःसाठी २५० एकर भरून घ्यायची, असे ठरले होते. इथे कंपनीच्या गळ्यात ठोस काम बांधलेले होते आणि भराव खरोखरच होत होता. मंदीनंतर या कंपनीचीही दमछाक झाली. पण तिच्याजवळ विकण्याजोगी जमीन होती, म्हणून सरकारने ती विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. किनारा दोन्हीकडे तोच, समुद्र तोच. फरक होता तो करारात, कुणी काय आणि कधी करायचे याच्या तपशिलात.

ही तपशिलाची शिस्त पुढे प्लेगने आणली. १८९६ च्या साथीनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रस्ते आखले, प्लॉट पाडले आणि ते ९९ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. मात्र पट्टा लगेच मिळत नसे. आधी पट्ट्याचा करार. मंजूर नकाशाप्रमाणे, ठरल्या मुदतीत इमारत उभी करायची. ती झाल्यावर पट्टा नावावर. आज हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत फिरताना इमारतींची उंची, मधली मोकळी जागा, रस्त्यापासूनचे अंतर एका मापाचे दिसते ते रहिवाशांच्या रसिकतेमुळे नव्हे, या करारांमुळे.

पण ट्रस्टचा करार बांधणाऱ्याशी होता. राहणारा त्यात कुठेच नव्हता. मुंबईत इमारत बांधायची ती भाड्यासाठी, आणि पैसे घालायचे ते मालकाने. मध्यमवर्गीयाने काय करायचे याचे एक उत्तर गावदेवीला मिळाले. १९१५ साली तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. सभासदांनी भांडवल काढायचे, इमारत संस्थेच्या मालकीची, सभासदाला राहण्याचा हक्क. पैसे घालणारा, बांधणारा आणि राहणारा एकच असल्यामुळे त्यांच्यामध्ये भांडणाचा करार उरलाच नाही. ही वाट चांगली होती, पण तिला एकमेकांवर विश्वास असलेली जमात लागे. मुंबईत येणाऱ्या लोंढ्याला ती पुरणे शक्य नव्हते.

भाड्याच्या घराचा धंदा मोडला तो सरकारनेच, सद्हेतूने. पहिल्या महायुद्धात भाडेनियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण भाडे ठरले. भाडे गोठले, पण सिमेंट, लोखंड, मजुरी गोठली नाही. जुन्या चाळींचे मालक दुरुस्ती थांबवून बसले आणि भाड्यासाठी नवी इमारत बांधायला कुणी धजेना. जी खोली रिकामी व्हायची तिच्यावर पागडी चढायची. कायद्याने पागडी घेणे गुन्हा होता, म्हणून पैसे रोख आणि पावती फक्त भाड्याची. लाखमोलाचा व्यवहार आणि पुराव्याला महिन्याच्या दहा-वीस रुपयांची चिठ्ठी! १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ३१ मार्च २००० पासून पागडीला मान्यता दिली, म्हणजे अर्धशतकभर शहराने जे रोज केले ते शेवटी कागदावर आले.

भाड्याचे दार बंद झाल्यावर बांधणाऱ्याने भांडवलासाठी दुसरीकडे पाहिले. फाळणीनंतर निर्वासितांची गर्दी झाली, कारखाने वाढले, नोकरदारांच्या हातात थोडी शिल्लक पडू लागली. मग १९५० च्या दशकात मुंबईच्या बोलीत एक नवा शब्द रुळला, ‘ओनरशिपची जागा’. बिल्डरने नकाशा दाखवायचा, गिऱ्हाइकाने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे आणि त्याच पैशातून इमारत वर चढायची. बँकेचे कर्ज नाही, भागीदार नाही. राहणाराच सावकार झाला, पण सावकाराला मिळते तसे तारण त्याला मिळाले नाही.

त्या काळातल्या तक्रारी आज वाचल्या तर कालच्या वर्तमानपत्रातल्या वाटतील. जमिनीचा मालक वेगळाच निघाला. नकाशा तीन मजल्यांचा आणि इमारत पाचांची. एकाच ब्लॉकचे पैसे दोघांकडून घेतलेले. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या खरेदीत गेलेले. २० मे १९६० च्या ठरावाने, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मून तीन आठवडे होत नाहीत तोच, सरकारने चौकशी समिती नेमली. जून १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. वकिलांच्या तोंडी तो ‘मोफा’. घरांच्या तीव्र टंचाईमुळे गैरप्रकार माजले आहेत आणि वाढत आहेत, असे त्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. कायद्याच्या पहिल्याच ओळींत सरकारने दिलेला हा कबुलीजबाब म्हणायचा.

मोफाने बिल्डरला ‘प्रवर्तक’ म्हटले आणि त्याच्यावर कामे लादली. जमिनीचा हक्क आणि तिच्यावरचे बोजे उघड करायचे. इसारा म्हणून काही ठरावीक टक्क्यांपलीकडे पैसे घेण्याआधी लेखी करार करायचा आणि तो नोंदवायचा; पुढे ही मर्यादा २० टक्के झाली. घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ज्या कामासाठी घेतले त्यावरच खर्चायचे. नकाशा मनाने बदलायचा नाही. ताबा वेळेवर दिला नाही तर ९ टक्के व्याजाने पैसे परत. न पाळल्यास तुरुंग. देशातल्या इतर राज्यांत अशा व्यवहारांना धड कायदा नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि महाराष्ट्राने तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

कागदावर मात्र कसे उतरले? नियमांसोबत सरकारने नमुना क्रमांक ५ हा करारनाम्याचा मसुदा दिला. सत्तरीतल्या-ऐंशीतल्या मुंबईचा एखादा करारनामा कपाटातून काढून पाहावा. सुरुवातीला ‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांची माळ: जमीन कुणाची होती, कुणाकडून कुणाकडे आली, बिल्डरने ती कशी मिळवली. मग ब्लॉकचा नंबर, मजला, क्षेत्रफळ. मग हप्ते: जोते झाल्यावर इतके, पहिल्या स्लॅबला इतके, विटकामाला, गिलाव्याला, नळजोडणीला. शेवटी परिशिष्टे: सॉलिसिटरचा टायटल दाखला, मिळकत पत्रिका, नकाशा आणि सोयींची यादी, जिच्यात स्वयंपाकघराच्या ओट्यापासून संडासाच्या टाइलच्या उंचीपर्यंत सारे नोंदलेले. प्रत्येक पानावर दोन सह्या. आणि मध्ये एक ओळ ताब्याच्या तारखेची, तिच्यातली जागा कित्येकदा रिकामी.

ती जागा भरलेली असली तरी तिच्याखालची सवलत वाचावी लागते. लोखंड, सिमेंट, इतर साहित्य, पाणी किंवा वीज न मिळाल्यास, युद्ध, दंगा किंवा दैवी आपत्ती ओढवल्यास, अथवा सरकारी आदेश आल्यास बिल्डरला रास्त मुदतवाढ, असे खुद्द सरकारी नमुन्यातच लिहिले होते. ज्या राज्यात सिमेंट परमिटवर मिळायचे आणि त्याच्या वाटपावरून १९८२ साली मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, तिथे ‘सिमेंट मिळाले नाही’ ही सबब खोडून काढणे गिऱ्हाइकाला जमणार कसे? कायद्याने एका हाताने दिलेली तारीख नमुन्याने दुसऱ्या हाताने सैल केली.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. ब्लॉक घेणाऱ्याच्या नावाने खरेदीखत बहुधा होतच नाही. त्याच्याजवळ असतो तो करारनामा, साठेखताच्या जातीचा. ठरलेली रचना अशी की सगळ्या खरेदीदारांची सोसायटी करायची आणि जमीन-इमारत सोसायटीच्या नावाने करून द्यायची. नियमाने सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत हे अभिहस्तांतरण व्हायला हवे. चार महिन्यांची चाळीस वर्षे झाली अशा इमारती मुंबई-ठाण्यात हव्या तितक्या सापडतील. याला निव्वळ आळस म्हणता येत नाही. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) वाढला, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणला, आणि जमीन ज्याच्या नावावर तो गच्चीवर आणखी मजले चढवू शकेल अशी स्थिती झाली. मग जमीन सोसायटीला द्यायची कशासाठी? अखेर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली: बिल्डर येत नसेल तर सक्षम अधिकारी त्याच्याशिवाय दस्त करून देईल.

बिल्डरांची शक्कल जमिनीवर थांबली नाही. इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा (स्टिल्ट) गाड्यांसाठी वेगळी विकायची पद्धत पडली. दहिसरच्या पांचाली सोसायटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. इमारतीत ५६ फ्लॅट आणि खाली २५ पार्किंगच्या जागा. त्या जागा आपल्या, सोसायटीच्या नव्हेत, असे बिल्डरचे म्हणणे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने सांगितले की स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे फ्लॅट नव्हे, ती स्वतंत्र विकता येत नाही. मोफातल्या व्याख्येवर सत्तेचाळीस वर्षांनी मिळालेला हा खुलासा होता.

दुसऱ्या बाजूला जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातलाही कागद बदलत होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वर रिकामी जमीन ठेवायला बंदी केली. विकायची तर परवानगी. तेव्हा जमीन न विकता तिच्यावर बांधण्याचा हक्क द्यायचा, अशी पळवाट निघाली. विकसन करारनामा आणि रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र अशी जोडगोळी, त्या काळी क्षुल्लक किमतीच्या स्टॅम्पपेपरवर. मालक नावाला मालक राहिला; सह्या, नकाशे, विक्री, सगळे बिल्डरच्या हाती. सरकारच्या ध्यानात आल्यावर १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क बसले आणि नंतर विकसन करारांसाठी अनुसूचीत स्वतंत्र कलम आले. कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. विकसन करार मात्र राहिला, कारण तोवर त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

पुण्याजवळ हडपसरला शेतकऱ्यांनी याच कागदाचे टोक उलट फिरवले. नव्वदच्या दशकात शहर मगरपट्ट्याच्या शेतांपर्यंत पोहोचले, तेव्हा एकेकट्याने बिल्डरला जमीन विकून मोकळे होण्याऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली. कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. बांधकाम २००० च्या सुमारास सुरू झाले. जमीन देणारा इथे एकरकमी पैसे घेऊन बाजूला झाला नाही, नफ्यातला वाटेकरी राहिला. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड सिटीने हाच पायंडा पुढे चालवला. गावदेवीच्या सोसायटीनंतर महाराष्ट्राने या व्यवहारात काढलेली ही सर्वांत शहाणपणाची युक्ती, आणि तिचे अनुकरण फार थोड्यांनी केले याची हळहळ वाटते.

आता येतो तो खरा गुंतवणूकदार, ज्याला त्या घरात राहायचेच नाही. नव्वदीपासून मुंबई-पुण्याच्या प्रकल्पांत ‘प्री-लाँच’चा जमाना सुरू झाला. जोतेही झाले नाही तोवर पाच-दहा फ्लॅट घाऊक भावात उचलायचे, हातात अलॉटमेंट लेटर नाहीतर साधा सामंजस्य करार (एमओयू) ठेवायचा आणि ताब्याआधी दुसऱ्याला विकून बाजूला व्हायचे. बिल्डरला बिनबँकेचे भांडवल मिळते, गुंतवणूकदाराला फरक मिळतो, आणि शेवटचा खरेदीदार दोघांचे देणे भागवतो. राज्याच्या मुद्रांक कायद्याने या माणसाला अधिकृत ओळखही दिली. त्याने ठरावीक मुदतीत फ्लॅट पुढे विकला तर आधी भरलेले शुल्क पुढच्या व्यवहारात वळते करून मिळते. २०२२ साली ही मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली.

मोठ्या पैशाचे करार वेगळ्या मजल्यावर चालले. मार्च २००५ मध्ये केंद्राने टाउनशिप आणि बांधकामांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला वाट मोकळी करून दिली. पण पैसा तीन वर्षे बाहेर काढता येणार नाही, अशी अट घातली. फंडांना भागीदार म्हणून आत यायचे होते आणि सावकारासारखे ठरल्या व्याजाने बाहेर पडायचे होते. त्यांच्या करारांत म्हणून कलम असे की अमुक वर्षांनी आमचे शेअर तुम्ही ठरलेल्या परताव्याने परत घ्यायचे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१४ मध्ये मर्यादा आखून दिली: बाहेर पडण्याचा हक्क ठेवा, पण परताव्याची हमी चालणार नाही. भागीदार असाल तर तोटाही तुमचा.

दिल्लीच्या आसपास २०१० नंतर हजारो घरे अर्धवट राहिली तेव्हा संसदेने २०१६ चा रिअल इस्टेट कायदा केला. १ मे २०१७ पासून तो पूर्ण लागू झाला. त्याखालची राज्याची नियामक यंत्रणा, महारेरा, मार्चमध्येच स्थापन झाली होती. मोफातली बरीच कलमे इथे नव्या दाताने आली. नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या खात्यात. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ५ वर्षे. आणि महाराष्ट्राने एक गोष्ट अधिक केली. मे २०१७ च्या आदेशाने, ज्याला करारान्वये विक्रीच्या उत्पन्नात किंवा बांधलेल्या क्षेत्रात वाटा मिळतो तो सहप्रवर्तक ठरला. जमीनमालक असो वा गुंतवणूकदार, वाटा घेणाऱ्याला आता ‘मी फक्त पैसे घातले होते’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदा वैध ठरवला.

एकतर्फी करारांचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतला. गुरुग्रामच्या एका प्रकल्पात खरेदीदाराचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज, आणि बिल्डर चुकला तर ९ टक्के, तेही खरेदीदाराने नोटिसांच्या पायऱ्या चढल्यावर. ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यापलीकडे ज्याच्या हातात काही नव्हते, त्याच्यावर असा करार बंधनकारक नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी दिवाळखोरी कायद्याखाली घर घेणाऱ्याला वित्तीय धनको मानण्याची तरतूदही न्यायालयाने उचलून धरली. १९५० च्या दशकापासून तो सावकारी करत होता. कायद्याने त्याला सावकार म्हणायला २०१८ उजाडले.

मात्र जो घरासाठी आला नाही त्याचे काय? १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल दिला. खटल्यातल्या सामंजस्य करारात बिल्डरने फ्लॅट ठरल्या मुदतीत वाढीव रकमेला परत घेण्याची सोय होती. ताब्यापेक्षा हमखास परताव्यावर नजर ठेवून असा करार करणारा हा सट्टेबाज गुंतवणूकदार आहे आणि त्याला दिवाळखोरीचा अर्ज करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. घर आणि सट्टा यांतला फरक ओळखण्यासाठी कराराचे शब्द पाहा, हे त्या निकालाचे सार. निकाल योग्यच आहे. पण विसंगतीही दिसते: ज्या गुंतवणूकदाराला राज्याचे मुद्रांक खाते तीन वर्षांची सवलत देऊन बोलावते, त्यालाच प्रकल्प बुडाल्यावर इतर मंचांच्या लांबलचक रांगेत उभे राहायला सांगितले जाते.

मोफा अजून रद्द झालेला नाही. सोसायटीला जमीन मिळवून देणारे मानीव अभिहस्तांतरण आजही त्याच जुन्या कायद्याने होते. नव्या प्रकल्पांच्या बाबतीत बिल्डरच्या करारनाम्याचा मसुदा, जमिनीवरचे बोजे आणि पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीख महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पहिला चेक लिहिण्याआधी ते पान उघडावे आणि सोबत कुणी ‘फक्त एक एमओयू करून ठेवू’ असे सुचवले तर नोंदणीची पावती मागावी.